साथीला बसलेला माणूस

हे मनन कानांनी करायचं आहे. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. उघडे ठेवा, फक्त त्यांच्याकडून काही काम घेऊ नका.

जागा शिवऱ्याची घेऊ. भोर तालुक्यातलं हे गाव पुणे-सातारा महामार्गाला लागून आहे. उत्तरेला खेड शिवापूर, त्याच्या मागे कात्रजचा डोंगर, वायव्येला सिंहगड. सिंहगडाच्या बाजूनं येणारी शिवगंगा या खोऱ्यातून उतरते आणि पुढे गुंजवणीला मिळते. वेळ दिवेलागणीची. पाऊस सरत आलेला, भाताच्या खाचरांत पाणी अजून उभं. एखाद्या घराच्या ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसा. तुम्ही शिवऱ्यापासून दूर असाल, तर जिथे आहात तिथेच बसा आणि आवाज तिथले घ्या.

पहिल्यांदा महामार्ग ऐका. तो टाळता येणार नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू. गाड्यांचा एकसलग घरघराट आहे. त्याला नावं ठेवायची घाई करू नका. थोडा वेळ गेला की त्या एकसलग आवाजात वेगवेगळे आवाज ऐकू येऊ लागतात. भरलेला ट्रक गिअर बदलतो तो आवाज वेगळा, रिकाम्या टेंपोच्या फाळक्याची खडखड वेगळी. एखादा हॉर्न जवळ येताना चढा असतो आणि ओलांडून गेला की त्याच क्षणी उतरतो. हॉर्न तोच, फक्त मघाशी तो तुमच्याकडे येत होता आणि आता दूर जातो आहे. हे उतरणं दोन-तीन वेळा नीट ऐका.

आता त्याच्या अलीकडे या. कुकरची शिट्टी. कुणी भांडी घासतंय. दूर कुठे पाण्याची मोटर. गोठ्यात जनावराच्या गळ्यातली घंटा. आणि शेजारच्या घरातून, भिंतीच्या पलीकडून, टीव्हीवर लागलेलं मालिकेचं शीर्षकगीत.

इथे थांबा.

ती मालिका तुम्ही बघत नसाल. तिच्यातली माणसं तुम्हाला ठाऊक नसतील. तरी चालीचे पहिले चार सूर आले आणि पाचवा कुठे जाणार हे तुमच्या मनाला आधी कळलं. पाचवा आला आणि तिथेच गेला. तुमचा घसा हलला नाही, ओठ हलले नाहीत, पण आत काहीतरी त्या सुराच्या आधी पोचलं. हे पोचणं काय आहे, ते आज पाहायचं आहे. आणि ते ज्यानं घडवलं, त्या माणसाच्या शेजारी थोडा वेळ बसायचं आहे.

या खोऱ्यात असे सूर कसे आले, ते आधी आठवू. रेडिओ आला. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांपासून. म्हणजे सबंध देशात त्या पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत या भागातली घरं होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि थोड्याच काळात त्याची चित्रं पुण्याकडे पोचवणारा मनोरा सिंहगडावर उभा राहिला. ज्या गडाच्या कुशीतून इथलं पाणी येतं, तिथूनच चित्रं आणि गाणीही येऊ लागली. मग १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली आणि संध्याकाळचा मराठी घराचा वेळ मालिकांचा झाला. जाहिरात असो, दूरदर्शनवरचं एखादं अभियान असो, की मालिका, या तिन्ही ठिकाणी एका माणसाच्या चाली वाजत होत्या. अशोक पत्की.

१९४१ साली जन्मलेले, मुंबईत वाढलेले, पेटी वाजवणारे. त्यांच्या कामाची यादी करायला बसलं तर हे मनन तिथेच संपेल, म्हणून ती करत नाही. मला त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट धरून बसायचं आहे. चाली बांधणारा म्हणून लोकांना ठाऊक होण्याआधी आणि नंतरही हा माणूस दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत होता. सुमन कल्याणपूर यांच्या गाण्याला त्यांनी पेटीची साथ केली आणि पुढे त्याच गळ्यासाठी ‘केतकीच्या बनी’ आणि ‘नाविका रे’ अशी भावगीतं बांधली. दोन्ही गाण्यांचे शब्द अशोकजी परांजपे यांचे.

साथ म्हणजे काय, ते आता हळू पाहा. गाणारा पुढे बसलेला असतो, पेटीवाला त्याच्या बाजूला, किंचित मागे. गाणारा सूर घेतो. पेटीवाल्यानं तो त्याच्याबरोबर घ्यायचा. पण बरोबर म्हणजे नेमका त्याच क्षणी नव्हे. गाण्याचा मार्ग गाणाऱ्याच्या हाती. पेटीवाल्याला तो मार्ग आधी सांगितलेला नसतो. तो गाणाऱ्याच्या मानेकडे बघतो, हाताकडे बघतो, सुराचा कल कुठे आहे ते जोखतो आणि एका पापणीच्या अंतरानं मागोमाग जातो. फार मागे राहिला तर गाणं लंगडं होतं. पुढे गेला तर गाणाऱ्याचा अपमान होतो.

आणि गाणारा श्वास घेतो तेव्हा? तेव्हा सूर पेटीनं धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं की गाणं अखंड चाललं आहे. त्या अखंडपणात मधे मधे एवढ्याएवढ्याशा पोकळ्या आहेत आणि त्या पेटीवाला भरतो आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि येऊही नये. म्हणजे पेटीवाला गाणाऱ्याला सर्वांत जास्त ओळखतो ते त्याच्या सुरांवरून नाही, त्याच्या श्वासांवरून. कुठल्या शब्दाशी दम संपतो, कुठे गाणारी व्यक्ती मुद्दाम थोडी लवकर थांबते, कुठली जागा घ्यायला तिला आवडते, कुठली ती टाळते. वर्षानुवर्षं हे ऐकलेला माणूस जेव्हा स्वतः चाल बांधायला बसतो, तेव्हा त्याच्या कानात आधी एक श्वास घेणारा गळा असतो.

हे खरं आहे का ते आता स्वतःवर तपासा. पत्कींचं एखादं गाणं तुम्हाला येत असेल. मराठी घरात वाढला असाल तर एखादं येतच असणार, नाव माहीत नसेल इतकंच. ते आधी मनात म्हणा. मग ओठ मिटून गुणगुणा. आवाज मोठा नको. शेजारच्या घरातल्या टीव्हीला ऐकू जाता कामा नये. एक ओळ पूर्ण करा. दुसरी घ्या.

श्वास कुठे घेतलात?

परत म्हणा आणि या वेळी फक्त तेवढंच पाहा. सूर बरोबर लागतोय का, आवाज चांगला आहे का, ते सोडून द्या. श्वास शब्दाच्या मधे तोडून घ्यावा लागला का? बहुधा नाही. ओळ जिथे टेकते तिथे तुमचा दमही टेकला, आणि पुढची ओळ उचलायच्या आत तुम्हाला हवा मिळाली. तुम्ही गवई नाही. तरी ही चाल तुमच्या छातीला पेलली, कारण तिच्यात श्वासाची जागा आधीच सोडून ठेवलेली होती. हे सगळ्याच चांगल्या चालींत असतं असं नाही. मराठीत थोर चाली अशाही आहेत की त्या फक्त त्या गायकानं किंवा गायिकेनं गाव्यात आणि आपण हात जोडून ऐकाव्यात. हृदयनाथ मंगेशकरांच्या कितीतरी चाली तशा आहेत, आणि त्यांचं मोठेपण त्या अवघडपणात आहे. पत्कींचं मोठेपण दुसरीकडे आहे. त्यांची चाल ऐकणाऱ्याला गाणारा धरून चालते.

पेटीची आणखी एक गोष्ट मनात ठेवा. पेटीवर मींड निघत नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना मधले सूर मधेच राहतात; गळा ते घसरत घसरत घेतो, पेटीला ते जमत नाही. पेटीवर चाल बांधणाऱ्याला ती मींड मनात ऐकावी लागते, बोटांखाली नसलेली. ‘केतकीच्या बनी’ ऐकताना सुमनताई एका सुरावरून दुसऱ्यावर ज्या मऊपणानं उतरतात, तो मऊपणा कुठल्याही पट्टीवर सापडत नाही. बांधणाऱ्यानं तिथे फक्त दोन टोकं ठेवली आणि मधली वाट त्यांच्या गळ्यावर सोडली. मला पत्कींच्या सगळ्या कामात ही भावगीतं सर्वांत जवळची आहेत. पुढची ‘राधा ही बावरी’ लोकांनी डोक्यावर घेतली, तिचे शब्दही त्यांचेच. पण माझं मन त्या जुन्या, कमी वाद्यांच्या गाण्यांकडे पुन्हा पुन्हा जातं.

आता वेळ मोजायचा एक छोटा अभ्यास. मांडीवर बोटानं ठेका धरा. चालण्याच्या लयीपेक्षा थोडा जलद, सेकंदाला दोन टोले. वीस टोले होईपर्यंत मोजा.

झाले? हे दहा सेकंद. जाहिरातीच्या गाण्याला, जिंगलला, कित्येकदा एवढाच वेळ मिळतो. केरवा ताल धरला तर अडीच आवर्तनं. त्यात वस्तूचं नाव आलं पाहिजे, ते नीट ऐकू आलं पाहिजे, चाल सुरू होऊन संपली पाहिजे, आणि संपल्यावर ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती परत पहिल्यापासून सुरू झाली पाहिजे. पत्कींनी अशा जिंगल हजारांनी केल्या. संगीताच्या गंभीर चर्चेत त्यांचा उल्लेख सहसा येत नाही, आणि आला तर थोडा सांभाळून येतो. पोटापाण्याचं काम, असा. मला हे पटत नाही. पुन्हा वीस टोले मोजा आणि या वेळी त्यात काय काय मावू शकेल याची कल्पना करा. प्रस्तावना नाही. वातावरण तयार करायला आलाप नाही. चुकलेला एक सूर पुढच्या ओळीत सावरून घ्यायची सोय नाही. जे सांगायचं ते पहिल्या टोल्यापासून पूर्ण असायला हवं. भावगीताचा मुखडा हेच करतो. ऐकणारा थांबेल की पुढे जाईल हे मुखड्यावर ठरतं. ज्यानं आयुष्यभर दहा-वीस सेकंदांच्या मुखड्यांवर हात बसवला, त्याच्या तीन मिनिटांच्या गाण्यातही पसारा येत नाही. धंद्याच्या कामानं कलेला दिलेली ही देणगी आहे, आणि ती कमीपणा न मानता मोजली पाहिजे.

श्वास एकदा सैल सोडा. बोटं थांबवा. शेजारचं शीर्षकगीत एव्हाना संपलं असेल आणि मालिकेतली माणसं बोलू लागली असतील. शब्द कळत नाहीत, फक्त बोलण्याची चढउतार भिंतीतून येते. तीही थोडा वेळ ऐका. आवाज चढला की भांडण, पडला की गुपित, इतकं तरी कळतंच.

शीर्षकगीताचं काम जिंगलहून निराळं. आठवड्याला पाच भाग धरले तर वर्षाला अडीचशेच्या वर वेळा ते त्याच घरात, त्याच वेळेला वाजतं. ‘आभाळमाया’ १९९९ ला आली, ‘वादळवाट’ २००३ ला. दोन्हींची शीर्षकगीतं मंगेश कुळकर्णी यांची, चाल पत्कींची. ‘आभाळमाया’ला आवाज देवकी पंडित यांचा. ज्या मुलांनी तेव्हा जेवणाच्या ताटावर बसून ती ऐकली, ती आज तिशी-पस्तिशीत आहेत. मालिकेतले प्रसंग त्यांना सांगता येणार नाहीत, पण चाल पहिल्या सुरापासून येते.

याच्यावर थोडं रेंगाळू, कारण इथे मला खरं कोडं वाटतं. जी गोष्ट रोज ऐकायची, ती विटत कशी नाही? गोड तर कुठलीही चाल करता येते. पण फार गोड चाल आठवड्यात नकोशी होते. पहिल्याच ओळीत वरच्या षड्जावर जाऊन सगळं सांगून टाकणारी चालही फार दिवस टिकत नाही. रोज तीच उंची गाठली की ती उंची राहत नाही. मला ‘आभाळमाया’ ऐकताना असं वाटतं की ती चाल थोडं हातचं राखून ठेवते. ती वर जाते, पण टोक दाखवून परत येते. आणि तिचा शेवट पूर्णविराम देत नाही. शेवटचा सूर टेकतो, पण तो पुढच्या दृश्यातल्या पहिल्या वाक्याला जागा करून देतो. मैफलीतल्या गाण्यानंतर टाळ्या अपेक्षित असतात. शीर्षकगीतानंतर कुणीतरी दार उघडून बोलायला लागणार असतं. त्याच्या पायात यायचं नाही, हे चाल बांधणाऱ्याला ठाऊक हवं.

हे कुणाला ठाऊक असतं? साथीला बसलेल्याला.

चित्रपटाच्या संगीतात हा विचार वेगळ्या वाटेनं येतो. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये भास्कर चंदावरकर अनेक वर्षं शिकवत होते. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सामना’ यांचं संगीत त्यांचं. दृश्याला कुठे संगीत द्यायचं याच्याइतकाच, कुठे द्यायचं नाही हा प्रश्नही चित्रपटात मोठा असतो, आणि चंदावरकर त्या बाजूनं विचार करणारे होते. मालिकेच्या शीर्षकाला ती मुभा नाही. त्याला वाजावंच लागतं, रोज, पहिल्या सेकंदापासून. मौन वापरता येत नसेल तर संयम चालीच्या आतच ठेवावा लागतो. चंदावरकर आणि पत्की एकाच पिढीचे. एकानं चित्रपटातली शांतता राखली, दुसऱ्यानं घरातला रोजचा आवाज सांभाळला. या दुसऱ्या कामाला आपण मान कमी देतो असं मला वाटतं, आणि म्हणूनच आज इथे बसलो आहोत.

आता सर्वांत मोठ्या आवाजाकडे जाऊ. तोही हळू घ्यायचा आहे.

१५ ऑगस्ट १९८८. दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा लागलं. शब्द पीयूष पांडे यांचे, सुरुवातीचा आवाज पंडित भीमसेन जोशींचा, वाद्यमेळात लुई बँक्स यांचा हात, आणि चाल अशोक पत्कींची. काश्मिरीपासून मल्याळमपर्यंत भाषा बदलत जाते आणि सूर मात्र तोच राहतो. सहा मिनिटांच्या आसपासचं ते गाणं तुम्ही मनात सुरू करा. भीमसेनजींचा पहिला आवाज येऊ द्या. तो कुठल्या रागाचा आहे?

भैरवी.

भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद, चारही कोमल. मुळात सकाळचा राग, पण आपण तो मैफलीच्या शेवटी ऐकतो. भैरवी झाली की लोक उठतात. या खोऱ्यातल्या देवळात रात्रभर भजनाचा जागर झाला तर पहाटे तो भैरवीवरच थांबतो. पत्कींच्या चालीनं हा शेवटचा राग सुरुवातीला आणला, हे मला फार अर्थाचं वाटतं. आणि भैरवी निवडण्यात एक शहाणपणही आहे. हे सूर उत्तरेत ठुमरीत आहेत, भजनात आहेत, सिनेमाच्या गाण्यांत आहेत. दक्षिणेत याच सुरांचा मेळ हनुमतोडी म्हणून आहे, आणि सिंधुभैरवी तिथल्या मैफलीतही रमते. काश्मीरच्या माणसाला आणि तमिळनाडूच्या माणसाला एकाच वेळी परका वाटणार नाही असा राग शोधायचा, तर भैरवीइतका जवळचा दुसरा कुठला सापडला असता?

आता भाषांची अडचण पाहा. एकच अर्थ प्रत्येक भाषेत वेगळ्या लांबीचा होतो. कुठे अक्षरं जास्त, कुठे कमी. कुठे दीर्घ स्वर शेवटी, कुठे जोडाक्षर मधे. चाल घट्ट बांधली तर बंगाली नीट बसेल आणि कन्नड कोंबावी लागेल. म्हणून ती अशी बांधावी लागते की एका मात्रेत कधी एक दीर्घ अक्षर राहील, कधी दोन ऱ्हस्व राहतील, आणि दोन्ही वेळा ती तीच चाल वाटेल. आपल्या भाषेतलं कडवं आठवा आणि त्याचा ठेका पुन्हा मांडीवर धरा. मग शेजारच्या भाषेतलं, जेवढं ओठांवर येईल तेवढं. टोल्यांची जागा हलली नाही, अक्षरं मात्र निराळी पडली. कुठल्याच भाषेला तिथे पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागलं नाही. इतक्या गळ्यांना, इतक्या भाषांना एकाच वेळी साथ करणारी चाल बांधायला साथीचा किती सराव लागला असेल, याचा विचार थोडा वेळ मनात राहू द्या. घाई नको.

महामार्ग अजून वाजतोच आहे. त्याच्याकडे परत या. मघाशी जो एकसलग घरघराट वाटला होता, तो आता तसा वाटतो का?

याच सुरात नावाचा विचारही येऊ द्या. ‘मिले सुर’ देशभर पाठ झालं. शाळांच्या मैदानांवर म्हटलं गेलं. गाणाऱ्यांचे चेहरे घराघरात ओळखीचे झाले. चाल कुणाची, हे विचारायचं बहुतेकांना वर्षानुवर्षं सुचलं नाही. मग साक्षरतेच्या अभियानाचं ‘पूरब से सूर्य उगा’ आलं, तेही त्यांचंच. त्याचीही तीच कथा. रंगभूमीवर ‘मोरूची मावशी’मध्ये विजय चव्हाण मावशी होऊन नाचत होते, सभागृह हसत होतं, आणि ती धमाल चालही याच शांत माणसाची होती.

राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो २००६ सालच्या ‘अंतर्नाद’ या गोव्यातल्या कोंकणी चित्रपटाच्या संगीतासाठी. मराठीत इतकं काम केलेल्या माणसाला तो शेजारच्या भाषेतल्या कामासाठी मिळाला. त्यांच्या चाली रोज गुणगुणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला नसेल. मिळायला हवं होतं ते मिळालं याचा मला आनंद आहे, आणि उशीर झाला याचं वाईटही वाटतं. दोन्ही भावना एकत्र राहू शकतात. त्यातली एकही बाजूला सारू नका. बसलात तशा त्याही बसू देत.

नाव मागे राहण्याबद्दल आपल्याकडे लगेच निरपेक्षतेची भाषा सुरू होते. ती मला पुरेशी वाटत नाही. काम करणाऱ्याचं नाव विचारणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे. चाल कुणाची हे ऐकणाऱ्यानं विचारायला हवं, आणि बांधणाऱ्याचं नाव गाणाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात पडद्यावर यायला हवं. हल्ली मोबाइलवर मालिका बघताना सुरुवातीचं गाणं गाळून पुढे जायचं बटण असतं. बोट तिकडे जातं तेव्हा आपण कुणाच्या तरी कित्येक दिवसांच्या कामावरून उडी मारतो आहोत, एवढं तरी ठाऊक असावं.

एक शेवटचा आवाज. शिवऱ्यासारख्या कुठल्याही गावात भजनी मंडळ असतं. पखवाज असतो, टाळ असतात, आणि पेटी असते. पेटीवर बसलेला माणूस दिवसा शेतात, कारखान्यात, नाहीतर पुण्याला कामाला जाणारा. संध्याकाळी तो देवळात येऊन पेटीचा भाता सोडतो आणि कुणाच्याही आधी एक प्रश्न विचारतो: पट्टी कुठली घेऊ? म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज कुठे ठेवायचा. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, कुणी म्हातारं माणूस आज आवाज बसला म्हणून अर्धी पट्टी खाली मागतं. पेटीवाला तक्रार करत नाही, कारण त्याच्या बोटांना सगळ्या पट्ट्यांवर तीच चाल वाजवता येते. त्याला तेवढं करावंच लागतं.

हा प्रश्न आता तुम्हाला विचारला आहे असं धरा.

उत्तर शोधायला वेळ घ्या. ओठ मिटा. ताण न देता, सकाळी उठल्यावर बोलता त्याच्याही खालच्या आवाजात एक सूर धरा. तो जड वाटला तर थोडा वर सरका. घशाला ओढ बसली तर खाली या. दुसऱ्याच्या उंचीशी जुळवू नका; टीव्हीवरच्या गायिकेच्या पट्टीत गायचा प्रयत्न तर मुळीच नको. जिथे आवाज आपसूक उभा राहतो आणि दम पुरतो, ती तुमची पट्टी. सापडली की तिच्यावर स्थिर व्हा. दोन श्वास घ्या. आणि मघाशी अर्धी राहिलेली ती चाल आता पहिल्यापासून, तुमच्या पट्टीत, पूर्ण म्हणा.